आईवडिलांच्या नैराश्याचा मुलांवर परिणाम होतो का, आणि मुलांना ते सांगावे का?

आपल्याला नैराश्याचे निदान झाले आहे, आठ वर्षांच्या मुलीला त्याची झळ पोहोचेल का आणि तिला काही सांगावे का, असे आपण विचारले आहे. झळ पोहोचते, मात्र आजारापेक्षा त्याबद्दलची लपवाछपवी मुलांना अधिक जड जाते, हे मी स्वानुभवाने सांगतो.

मी नाशिकला, सिडकोत वाढलो. वडील सातपूरच्या कारखान्यात पाळीवर जात. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच मी आमच्या गॅलरीतली दोरी पाहत असे. तिच्यावर कालचेच कपडे दिसले की आई आज उठलेली नाही हे कळे, आणि मग चपला हातात घेऊन, धाकट्या बहिणीला गप्प राहण्याची खूण करत मी जिना चढे. नवव्या वर्षी मी कुकर लावतो, याचे नातेवाइकांना कोण कौतुक! आई बरी व्हावी म्हणून त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीचा विधीही करून झाला. मला मात्र कोणीच काही सांगितले नाही, त्यामुळे सहामाहीला गणितात कमी गुण पडले म्हणूनच आई अशी झाली, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली होती. सोळाव्या वर्षी डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला, तेव्हा मी पहिल्यांदा गणिताचेच विचारले.

मुलांना कळत नाही, हा मोठ्यांचा गैरसमज आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७० च्या दशकातील प्रयोगात आईने दोन-तीन मिनिटे चेहरा निर्विकार ठेवला, तरी तान्हे बाळ आधी हसून, हात हलवून तिला बोलते करू पाहत असे आणि शेवटी तोंड फिरवत असे. आनुवंशिकतेचाही काही वाटा असतो, परंतु आजार वारशाने येतोच असे नाही. मला अधिक मोलाचा वाटतो तो अमेरिकी संशोधक मायर्ना वाइसमन यांच्या गटाचा २००६ सालचा, १५१ मायलेकरांच्या जोड्यांचा अभ्यास. ज्या मातांचे नैराश्य तीन महिन्यांच्या औषधोपचाराने ओसरले, त्यांच्या मुलांमधील मानसिक विकारांचे प्रमाण घटले. ज्यांचे ओसरले नाही, त्यांच्या मुलांत ते वाढले. तेव्हा आपली औषधे मुलीसाठीही आहेत असे समजा आणि ती परस्पर बंद करू नका. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटल्यास ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो व तेथे मराठीत बोलता येते.

मुलीला इतकेच सांगा, की मला मनाचा आजार झाला आहे, डॉक्टरांची औषधे चालू आहेत, तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि मला बरे करणे हे तुझे काम नाही. त्यावर ती बहुधा उद्याचा डबा कोण करणार, एवढेच विचारेल. ते मात्र आधी ठरवून ठेवा.