बारा ‘एरर’ नाणी आणि न मोडलेली एफडी

क्रेडिट कार्डावर 48,000 रुपयांना घेतलेली बारा ‘एरर’ नाणी, म्हणजे टाकसाळीत चुकून सदोष निघालेली म्हणून विकलेली नाणी, आता विकू की पाच वर्षं ठेवू, एवढंच तुम्ही विचारलंय. कार्डाचा फक्त मिनिमम ड्यू भरताय, आणि ‘75,000 ची एफडी मात्र मोडली नाही’ असं अभिमानाने लिहिलंय.

आधी ती एफडी मोडा आणि कार्डाची थकबाकी फेडा. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर 1,700 रुपये झाले, वर्षाला 20,000, वर जीएसटी. तेवढ्याच रकमेवर एफडी सात टक्क्यांनी देते जेमतेम 3,400. शिवाय थकबाकी आहे तोवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत नाही. किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज चढतंय. थकबाकी एवढीच ठेवून पाच वर्षं थांबलात तर व्याजच लाखभर. विक्रेत्याची ‘वर्षाला 30 टक्के वाढ’ खरी मानली तरी ती कार्डाच्या वर्षाला 42 टक्के व्याजापेक्षा कमीच, आणि ती मानायचं काही कारण नाही.

आता नाणी. फोटोंसोबत वजनं पाठवलीत, हे उत्तम.

दहाच्या नाण्याचा मधला भाग ‘टाकसाळीतच राहिला’ म्हणे. बाहेरचं कडं आणि मधला गाभा नक्षी उमटवणाऱ्या ठशाच्या (डायच्या) दाबानेच एकमेकांत घट्ट बसतात. गाभा नसताना ठसा बसला असता तर कड्याचा धातू भोकाकडे सरकून आतली कड फुगली असती. तुमची कड सरळ उभी आहे. गाभा नंतर ठोकून काढलाय. दोनच्या नाण्यावर उलटी अक्षरं खोल रुतलीत, पण त्यांच्याखाली मूळ आकडा चेपलेला दिसतो. म्हणजे दोन नाणी शिकंज्यात दाबलेली. खऱ्या चुकीत ती अख्खी बाजूच आरशातल्यासारखी उलटी येते, मूळ नक्षी उरत नाही. काठ तुटलेल्या रुपयाचंही तेच: ठसा बसण्याआधीची कोरी चकतीच अपुरी असती तर तुटीच्या बरोबर समोरचा काठ सहसा पुसट असतो. तुमचा ठसठशीत आहे, आणि तुटीवर कानशीचे ओरखडे आहेत.

एका नाण्यावरची उंचावलेली रेघ मात्र खरी, डायला तडा गेल्याची. ओरखडा असता तर खोल गेला असता. पण अशा बारीक रेघांना कुणी फारसे पैसे देत नाही.

उरलं सरकलेल्या ठशाचं पाच रुपयांचं नाणं. एका बाजूला कोरी कोर, दुसरीकडे नक्षी कापलेली, तरी वजन 5.98 ग्रॅम, असायला हवं 6. हे एकच दोन-तीन जुन्या नाणेव्यापाऱ्यांना दाखवा आणि मिळेल त्या भावाला विका. ‘आधी नोंदणी शुल्क भरा, रिझर्व्ह बँकेची मान्यता आहे’ म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नका. अशा व्यवहारांत आपण नाही आणि शुल्कही घेत नाही, असं बँकेने 2021 मध्येच जाहीर केलंय.

बाकीच्या सात नाण्यांवर नुसते डाग आणि ठोके आहेत. ती दुकानात खर्च करा.