पगार तिचा, मग खातं कुणाचं?

या वेळी तीन पत्रं घेतलीत, तिन्ही सांगली जिल्ह्यातलीच. कुणाची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

पहिलं पत्र: ताई, मी बारावी पास आहे, वय एकतीस, मुलगी दुसरीत. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दिवाळीनंतर माहेरी आले, तासगाव तालुक्यात. भाऊ-वहिनी चांगले आहेत पण त्यांच्यावर किती दिवस काढायचे. सध्या बेदाणा निवडायला जाते, रोजानं. ओळखीतले लोक म्हणतात की तू कमावतेस हे कोर्टात कळलं तर पोटगी मिळायची नाही, काम सोड आणि घरी बस. आधार, मार्कशीट, पासबुक सगळं सासरी राहिलंय. लाडकी बहीणचे पैसे येतात त्या खात्याला नंबर त्याचा आणि एटीएम पण त्याच्याकडंच. आधी काय करू?

काम सोडू नको. हे मी सगळ्यात आधी लिहिते कारण हा सल्ला देणारे लोक प्रत्येक गावात असतात आणि त्यांच्या नादानं बायका हातातला रोज घालवून बसतात, मग कोर्टाची तारीख पुढं पुढं जाते आणि इकडं पोरीच्या वहीला पण भावाकडं हात पसरायची वेळ येते. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये स्वच्छ सांगितलंय की बायको कमावते एवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, तिच्या कमाईत ती सासरी जशी राहत होती तसं राहणं भागतंय का ते बघायचं. मुलीचा खर्च बाप म्हणून त्याच्यावर आहेच. त्याच निकालानं दोघांनाही आपापल्या उत्पन्नाचं आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावलंय, म्हणजे त्याची द्राक्षबाग, गाडी, पगार जे असेल ते त्यालाही लिहून द्यावं लागतं. तू पण खरा रोज लिही, लपवू नको. रोजाच्या कामाला पगाराची स्लिप नसते, म्हणून एका वहीत तारीख आणि मिळालेले पैसे टाकत जा.

केस घालायला सासरच्या गावी जायची गरज नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तू आत्ता राहतेस तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, तात्पुरती राहत असलीस तरी. आणि एकाच अर्जात संरक्षण, खर्चाचे पैसे, बुडालेली कमाई, दवाखान्याचा खर्च, तुझं स्त्रीधन आणि कागदपत्रं परत मिळणं हे सगळं मागता येतं. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नको, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. त्यांचा फोन १५१००.

आता कागदांचं. ते आणायला एकटी सासरी जाऊ नको, भावाला घेऊन सुद्धा नको, अशा वेळीच डोकी फुटतात. आधार केंद्रावर बोटांचे ठसे देऊन आधार परत निघतं, तिथंच मोबाईल नंबर बदलून स्वतःचा टाक (त्याआधी स्वतःच्या नावावर सिम घे, भावाच्या नावावरचं नको). दहावी-बारावीची दुसरी मार्कशीट कोल्हापूर बोर्डाकडून मिळते, सांगली-सातारा त्यांच्याकडंच येतं, आपल्या शाळा-कॉलेजातून चौकशी सुरू कर. मग खातं. जुन्या खात्याच्या नादी लागू नको, दुसऱ्याच बँकेत नवीन काढ, झिरो बॅलन्सचं चालतं, आणि फॉर्म भरतानाच सांग की सरकारी पैसे याच खात्यात यायला पाहिजेत, आधार या खात्याला जोडा. ते जोडलं गेलं की लाडकी बहीणचे पैसे इकडं वळतात. नवीन खात्याचा नंबर घरात सगळ्यांना सांगत बसू नको, वहिनी चांगली असली तरी.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस पण मी विचारते. बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्सवाल्यांकडून तुझ्या नावावर कर्ज काढून त्यानं वापरलंय का? आपल्या भागात हे फार आहे, सही हिची, पैसे त्याचे, आणि हप्तेवाला येतो माहेरच्या दारात. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट बघता येतो, कुणाकडून तरी बघून घे आणि असलं काही निघालं तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांग, आर्थिक छळ पण कौटुंबिक हिंसाचार कायद्यात हिंसाच धरलाय.

कामाचं म्हणशील तर बेदाणा आत्तापुरता ठीक आहे, पण रोज कधी आहे कधी नाही आणि उद्या बँकेत किंवा दुसरीकडं दाखवायला काही राहत नाही. मिरजेत दवाखाने एवढे आहेत (१८९४ मध्ये तिथं मिशनचं हॉस्पिटल निघालं, तेव्हापासूनची ही सवय त्या गावाला), रिसेप्शन, बिलिंग, वॉर्डातली मदतनीस अशी कामं बारावीवर मिळतात, फक्त नाईट शिफ्टचं आधीच विचारून घे कारण मुलगी लहान आहे. आरसेटीचं (बँका चालवतात ती गावाकडच्या लोकांना रोजगार शिकवणारी संस्था) ट्रेनिंग फुकट असतं, राहणं-जेवण पण तिथंच, पण तेवढे दिवस मुलगी कुणाकडं हे ठरल्याशिवाय नाव घालू नको, अर्धवट सोडून आलेल्या बऱ्याच जणींचं कारण मूल हेच असतं. आणि घरबसल्या पॅकिंगचं काम, आधी डिपॉझिट भरा, असा मेसेज आला तर एक रुपया पाठवू नको.

कासेगावच्या इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या बरोबरच्या बायकांनी १९८० च्या दशकात याच जिल्ह्यात परित्यक्तांची, म्हणजे नवऱ्यानं टाकलेल्या बायकांची, चळवळ उभी केली होती, तेव्हाची मोठी मागणी होती स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड. तुझं पण वेगळं रेशनकार्ड निघतं का ते तहसीलला विचार.

दुसरं पत्र: बहीण सासर सोडून परत आली तेव्हा आम्ही तिला पंधरा हजाराचं शिलाई मशीन घेऊन दिलं. सहा महिने झाले ते तसंच कापड झाकून ठेवलंय. तिला काही करायचीच इच्छा नाही असं वाटतं. काय करावं?

भाऊ, तुमची माया कळते, पण मशीन घेण्याआधी तिला विचारलं होतं का? घर सोडून आलेली बाई दिसली की आपल्याकडं सगळे पहिलं शिलाई मशीन देतात, समाजकार्य करणारी मंडळं पण तेच करतात. एका गल्लीत चार जणी ब्लाऊज शिवायला लागल्या की कुणालाच पुरत नाही. आणि वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या माणसाला झोप लागत नाही, लक्ष लागत नाही, आवाज झाला की दचकतं, ते आळस नाही. तिला डॉक्टरला दाखवा, सरकारी दवाखान्यात समुपदेशन पण होतं. मग तिच्याशी बसून बोला, तिला दुकानात उभं राहायला आवडेल का, कॉम्प्युटर शिकायचाय का, माणसांत जायचंय का एकटं काम पाहिजे. मशीन विकलं तरी चालेल, पैसे मात्र तिच्या खात्यात टाका.

तिसरं पत्र: माझं सांगलीत मसाल्याचं युनिट आहे, बारा बायका कामाला. त्यातल्या एकीचा नवरा पगाराच्या दिवशी गेटवर येऊन बसतो, पैसे काढून घेतो, मागच्या महिन्यात आत येऊन शिवीगाळ केली. ती महिन्यातनं चार-पाच खाडे करते. सुपरवायझर म्हणतो काढून टाका, बाकीच्या बायकांना त्रास. मला तिला काढायचं नाही पण धंदा पण बघायला लागतो.

दादा, तुम्ही विचारलंत हेच फार मोठं आहे. तिला काढलंत तर त्याला पाहिजे तेच होईल, तो गेटवर येतोच त्यासाठी, की हिची नोकरी जावी आणि ती परत त्याच्या हातात यावी.

तिला एकटीला बोलवा, सुपरवायझर नको, एखादी जुनी बाई बरोबर असू दे. विचारा काय पाहिजे, ठरवायचं तिनंच. पगार रोख देणं बंद करायचं तर सगळ्यांचंच करा, तिचंच केलं तर ते त्याच्या लक्षात येईल आणि रात्री मार तिला बसेल. अर्धे पैसे खात्यात अर्धे हातात असं पण काही बायका मागतात, घरी काहीच नेलं नाही तर जीवावर बेततं म्हणून, तर तिचं ऐका. शेजारच्या साताऱ्यात म्हसवडला चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक काढली ती लहान लहान सेव्हिंग ठेवायला दुसरी बँक तयार नव्हती म्हणून, स्वतःच्या नावावर चार पैसे असणं एवढी साधी गोष्ट पण तिच्यासाठी झगडावं लागलं.

गेटचं म्हणाल तर त्याच २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ मध्ये मॅजिस्ट्रेट नवऱ्याला तिच्या कामाच्या ठिकाणी यायला बंदी घालू शकतात, आणि आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. अर्ज तिला करायचाय, पण संरक्षण अधिकाऱ्याला (याच कायद्याखाली नेमलेला सरकारी अधिकारी) माहिती कुणीही देऊ शकतं, चांगल्या हेतूनं दिली तर देणाऱ्यावर काही येत नाही. तिला न विचारता देऊ नका एवढंच. मागच्या महिन्याची शिवीगाळ तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा, कॅमेरा असेल तर ते रेकॉर्डिंग आजच कॉपी करून ठेवा, थोड्या दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं. पुढच्या वेळी आत आला तर ११२ ला फोन.

खाड्यांबद्दल, कोर्टाची आणि पोलीस स्टेशनची तारीख असेल तेव्हा तिला आधी सांगू दे आणि त्या दिवसाच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी जास्त वेळ थांबायची मुभा द्या, जमत असेल तर तो दिवस भरपगारी धरा. तिखटाच्या सीझनला माणूस कमी पडतो हे मला माहितीये, पण शिकलेली बाई घालवून नवीन शिकवायला तुमचे जास्त दिवस जातील. पॅकिंगऐवजी आतल्या खोलीत निवडायला बसवा म्हणजे गेटवरनं दिसायची नाही. सुपरवायझरला सांगून ठेवा की तिचा पत्ता, नंबर, शिफ्टची वेळ फोनवर कुणालाही द्यायची नाही, भाऊ बोलतोय म्हणाला तरी. १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर बाथरूमच्या दाराला आतनं चिकटवा, तिथं प्रत्येकीला एकटीला वाचता येतो.