चेरोकी ‘टोळी’, राज्याची मान्यता आणि र-लचा घोळ

प्रश्न असा आलाय: अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी एक असलेल्या चेरोकींबद्दल एका बातमीत ‘अलाबामा राज्याने मान्यता दिलेली इचोटा चेरोकी टोळी’ असं छापलं होतं. इथे टोळी बरोबर की जमात? आणि राज्याची मान्यता आहे म्हणजे ते अधिकृत चेरोकी झाले ना?

आधी ती टोळी काढा. या अर्थानं हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं, आणि तो सारखा वाचावा लागतो. टोळी दरोडेखोरांची असते, ऊसतोड कामगारांची असते. मुकादम उचल वाटतो, टोळी जमते, हंगाम संपला की पांगते. टोळी कामापुरती. चेरोकींनी १८२७ मध्ये जॉर्जियातल्या न्यू इचोटा या आपल्या राजधानीत लेखी राज्यघटना केली आणि १८२८ मध्ये तिथूनच ‘चेरोकी फिनिक्स’ हे चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन भाषांतलं वृत्तपत्र काढलं. आपलं ‘दर्पण’, तेही दोन भाषांतलं, १८३२ चं. घटना लिहिणाऱ्या, छापखाना चालवणाऱ्या समाजाला टोळी कसं म्हणायचं? जमात म्हणा. आपल्या कायद्यात ‘अनुसूचित जमात’ आहेच, शब्द रुळलेला आहे. जमा, जमाव, जमादार यांच्याच घरातला तो, त्याची फोड करत बसत नाही.

आता मान्यता. (‘अशी मान्यता आहे की’ हे हिंदी मालिकांतून आलेलं वाक्य कृपा करून बाजूला ठेवा. तिथे मराठीत समजूत असते.) इथे मान्यता कोणाची, हाच सगळा प्रश्न आहे, आणि बातमीदारानं तो ‘राज्य’ या शब्दाखाली झाकून टाकला. अमेरिकेच्या संघ सरकारची मान्यता असलेल्या चेरोकी जमाती तीनच: ओक्लाहोमातली चेरोकी नेशन, तिथलीच युनायटेड कीटूवा बँड (बँड म्हणजे इथे गट), आणि नॉर्थ कॅरोलायनातली ईस्टर्न बँड. इचोटा यांत नाहीत. त्यांना अलाबामानं १९८४ च्या डेव्हिस-स्ट्राँग कायद्यानं मान्यता दिली. अलाबामात संघ सरकारची मान्यता आहे ती फक्त पोर्च क्रीक जमातीला.

मराठी वाचक इथे हमखास फसतो, कारण आपल्याकडे जमातींची यादी केंद्राचीच. घटनेच्या ३४२ व्या कलमाखाली ती निघते आणि तिच्यात भर घालायची तर संसदेनंच. हलबा-कोष्टी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००० साली हेच ठणकावलं की राज्य सरकारला त्या यादीला हात लावता येत नाही. अमेरिकेत तसं नाही. तिथलं राज्य आपल्यापुरती मान्यता देऊ शकतं आणि केंद्राची मान्यता वेगळीच राहते. केंद्राकडे जायचं तर एक रस्ता काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कायद्याचा आणि दुसरा १९७८ पासूनच्या नियमांचा. या नियमांत सात कसोट्या आहेत: वंशावळ दाखवा, समाज म्हणून सलग नांदलात हे दाखवा, सलग कोणाचं तरी नेतृत्व होतं हे दाखवा, आणि सगळं कागदावर. राज्याची मान्यता कधी विधिमंडळाच्या एका कायद्यानं मिळते, कधी आयोगाच्या ठरावानं. टेनेसीच्या आयोगानं २०१० मध्ये सहा गटांना अशी मान्यता दिली, चेरोकी नेशन कोर्टात गेली आणि ती मान्यता रद्द झाली.

राज्याची मान्यता अगदीच पोकळ आहे असंही नाही. १९९० च्या इंडियन (म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी) कला-हस्तकला कायद्यात राज्यमान्य जमातीचा सदस्यही धरलेला आहे. त्याला आपली टोपली ‘इंडियन’ म्हणून विकता येते. कसिनो, इंडियन आरोग्यसेवा, मुलांच्या ताब्याचा १९७८ चा कायदा या गोष्टी मात्र केंद्रमान्य जमातींच्याच. म्हणून ‘सरकारमान्य’ हा आपला पाटीवरचा शब्द इथे लावू नका. कोणतं सरकार ते सांगा.

हे झालं. आता खरी गंमत ‘चेरोकी’ या नावातच आहे, आणि ती कोणी विचारत नाही.

चेरोकींच्या आजच्या भाषेत हे नाव उच्चारताच येत नाही, कारण तिच्यात र नाही. सेक्वोयानं १८२१ मध्ये जी लिपी पुरी केली, तिच्यात आज ८५ चिन्हं आहेत, प्रत्येक चिन्ह एका अक्षराचं, आणि र-रि-रे एकही नाही. ते स्वतःला लिहितात ‘त्सलागी’. मग र आला कुठून? साउथ कॅरोलायनातल्या कीओवी नदीकाठच्या खालच्या गावांची बोली वेगळी होती. इतर चेरोकी जिथे ल म्हणत तिथे ती माणसं र म्हणत: त्सरागी. चार्ल्सटनहून वर जाणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्यांना आधी भेटली ती हीच माणसं, आणि त्यांचा र जगभर गेला. ती बोली पुढे मेली, र तेवढा राहिला. आपले जुने पंडित ‘रलयोरभेदः’ म्हणायचे, म्हणजे र आणि ल यांत भेद नाही. त्याला इतकं चोख उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

त्सलागीचा अर्थ? चेरोकीत काहीच नाही. म्हणजे नाव बाहेरच्यांनी ठेवलेलं. जेम्स मूनी या अमेरिकन अभ्यासकानं १९०० साली शेजारच्या चोक्टॉ लोकांच्या भाषेतल्या गुहावाचक ‘चिलुक’वरून ‘गुहांच्या मुलखातले’ असा अर्थ लावला आणि तेव्हापासून कोशकार तोच उतरवून काढतात. मूनीचा आधार काय, तर उत्तरेकडचे इरोक्वॉयही यांना गुहांच्या देशातले म्हणत. अहो, त्यावरून इरोक्वॉयांनी ठेवलेल्या नावाचा अर्थ कळतो. दक्षिणेच्या शेजाऱ्यांनी ठेवलेलं नावही त्याच अर्थाचं होतं हे त्यातून कुठे सिद्ध होतं? दुसरी व्युत्पत्ती क्रीक भाषेतली आहे, ‘वेगळं बोलणारे’, आणि माझं मत ठामपणे तिच्या बाजूला. चेरोकी ही इरोक्वॉय कुळातली भाषा आणि तिचे क्रीक, चोक्टॉ हे शेजारी मस्कोगी कुळातले. शेजारच्या गावात जाऊन एक शब्द कळू नये, हीच त्या लोकांची पहिली खूण असणार.

आणि आपल्याकडे नेमकं हेच घडलेलं आहे. म्लेच्छ या धातूचा मूळ अर्थ अस्पष्ट बोलणं. पतंजली महाभाष्याच्या सुरुवातीलाच सांगतो की असुर ‘हेलयो हेलयः’ असं ओरडले आणि हरले, म्हणून ब्राह्मणानं म्लेच्छ बोलू नये. त्यांना म्हणायचं होतं ‘हे अरयः’, म्हणजे ‘अहो शत्रूंनो’. र चा ल झाला! परक्याची ओळख बोलण्यावरून, आणि बोलण्यातही नेमकी र-ल वरून. संबंध नाही हे मला पुरतं ठाऊक आहे, पण मनुष्यस्वभाव दोन्हीकडे एकच आहे आणि क्रीक व्युत्पत्तीला मी याच कारणानं वजन देतो. गुहावाल्यांनी असं एक तरी समांतर उदाहरण समोर ठेवावं.

चेरोकींची स्वतःची नावं वेगळीच आहेत. ‘अनियुंविया’, म्हणजे खरी माणसं. ‘अनिकिटुवागी’, म्हणजे किटुवाचे लोक. किटुवा हे त्यांचं मूळ गाव, नॉर्थ कॅरोलायनात, आणि ती जागा ईस्टर्न बँडनं १९९६ मध्ये पैसे मोजून परत घेतली. कीटूवा बँडच्या नावात तेच गाव आहे. इचोटा हेही गावाचंच नाव, टेनेसीतल्या जुन्या चोटावरून आलेलं. चोटाची बहुतेक जागा १९७९ मध्ये टेलिको धरणाच्या पाण्याखाली गेली.

राहिला प्रश्नाचा दुसरा भाग. अधिकृत चेरोकी कोण हे चेरोकी नेशनला विचाराल तर ती पट, म्हणजे जुनी नावनोंदणी, दाखवते. शतकापूर्वी बंद झालेल्या डॉज पटावर पूर्वजाचं नाव असेल तर नागरिक. असे नागरिक आज साडेचार लाखांहून जास्त आहेत. ईस्टर्न बँड १९२४ चा बेकर पट बघते, वर सोळावा हिस्सा रक्त मागते. मला स्वतःला नेशनचं म्हणणं पटतं. ज्या जॉर्जियातून यांना १८३८ मध्ये हुसकून लावलं, त्याच राज्याच्या विधिमंडळानं १९९३ मध्ये काही गटांना मान्यता देऊन चेरोकी कोण हे ठरवावं, यानं नेशनला चीड येणारच.

तेव्हा बातमीत लिहा: ‘अलाबामा राज्यानं मान्यता दिलेला, संघ सरकारची मान्यता नसलेला इचोटा चेरोकी गट’. एरवी जमात, पण इथे जमात आहे का हाच वाद, म्हणून गट. लांब होतं, होऊ द्या. आणि ‘चेरोकीज’ नको, मराठीत अनेकवचनही चेरोकीच.