पॉडकास्ट म्हणजे काय, आणि शिकवताना तो कुठे कामाला येतो?

"रेकॉर्डिंग करून नेटवर टाकलं की झाला का पॉडकास्ट? आणि भाषा शिकवायला त्याचा उपयोग होईल का?" हे तुमचे दोन प्रश्न.

पहिल्याचं उत्तर: नुसत्या रेकॉर्डिंगनं होत नाही, त्याला फीड लागतं. आरएसएस फीड म्हणजे मजकुराची एक साधी फाइल. भागाचं नाव, तारीख, वर्णन आणि ऑडिओचा पत्ता, एवढंच तिच्यात असतं. ऐकणाऱ्याचं ॲप ती अधूनमधून तपासतं आणि नवा भाग आला की आपणहून दाखवतं. सॉफ्टवेअर बनवणारे डेव्ह वायनर यांनी २००० च्या अखेरीस आरएसएसमध्ये ऑडिओ जोडायची सोय केली. 'पॉडकास्टिंग' हा शब्द पत्रकार बेन हॅमर्सली यांच्या 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्रातल्या लेखात आला तो २००४ साली. म्हणजे तंत्र आधीचं, नाव नंतरचं.

भाषेसाठी याच्याइतकं सोयीचं साधन मला तरी सापडलेलं नाही. उच्चार, सूर, बोलण्यातले थांबे कानावाटेच शिकावे लागतात. विद्यार्थी तेच वाक्य दहादा मागे नेऊन ऐकतो, वेग कमी करतो, आणि वर्गात पुन्हा विचारायला लाजणाराही इथे मोकळेपणानं शिकतो. हात कामात असले तरी ऐकणं चालू राहतं. लिपी किंवा आकृती शिकवायची असेल तर मात्र पॉडकास्टच्या वाटेला जाऊ नका. व्याकरणाचे तक्ते मी बोलून समजावून पाहिले. कुणाच्याच पदरात काही पडलं नाही. शेवटी ते कागदावर दिले आणि भागात फक्त उदाहरणं ठेवली.

माइक साधा चालेल, पण खोली घुमणारी नको. पडदे, गाद्या, कपडे असलेली लहान खोली निवडा आणि तोंड माइकपासून वीतभर ठेवा. संपादनाला ऑडॅसिटी पुरतं, ते मोफत आहे. नुसतं बोलणं असेल तर मोनो (एकाच वाहिनीचा आवाज), ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) एमपी३ ठेवा. अर्ध्या तासाचा भाग साधारण १४ एमबीत बसतो.

होस्टिंग, म्हणजे ऑडिओ आणि फीड नेटवर ठेवणारी सेवा, निवडताना एकच गोष्ट आधी विचारा: पुढे दुसरीकडे जायचं झालं तर जुनं फीड नव्या पत्त्याकडे वळवून देणार का? माझी पहिली सेवा बंद पडली तेव्हा ही सोय नव्हती. भाग माझ्याकडे सगळे होते, पण ऐकणारे जुन्या पत्त्यावरच राहिले आणि त्यांना कळवायला माझ्याकडे काही मार्ग नव्हता.