पिकअपचा क्लच जड झालाय आणि गिअर घासतात, तर गिअरबॉक्स उघडावाच लागेल का?

तुमची तक्रार अशी: क्लच दाबून दाबून पाय भरून येतो, पहिला गिअर जोर लावल्याशिवाय पडत नाही, रिव्हर्स टाकताना कर्रकन आवाज होतो आणि मेकॅनिक गिअरबॉक्स उतरवायचं म्हणतोय. कदाचित उतरवावा लागेलही. पण त्याआधीच्या तपासण्या तुम्ही स्वतः करू शकता, बऱ्याचशा तर पान्याशिवाय. मी पिकअपचीच कामं करतो आणि यात सगळ्यात जास्त घोळ एकाच गोष्टीने होतो. क्लच जड असणं आणि गिअर न पडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण लोक ती एकच धरून चालतात.

आधी गिअरचं बघू. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा आणि क्लच दाबून एकेक गिअर टाकून बघा. एखादा अडलाच तर न्यूट्रल करून क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा, कारण बंद गाडीत दात दातासमोर येऊ शकतात. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर संशय क्लचवर: पेडल तळाला गेलं तरी तो इंजिनला गिअरबॉक्सपासून पूर्ण सोडवत नाहीये.

खात्रीसाठी रिव्हर्स वापरा. गाडी चालू, क्लच पूर्ण दाबलेला, मनात पाच अंक मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी दोन्हीकडचा वेग जुळवणारी पितळी कडी) नसते, म्हणून आतला शाफ्ट थांबायच्या आधी गिअर टाकला की आवाज येणारच. थांबल्यावर आवाज गेला तर दोष घाईचा. थांबूनही घासला तर क्लच चिकटून राहतोय, शाफ्ट अजून फिरतोय.

आता जड पेडल. पहिल्यांदा पायाखालची मॅट बाजूला करा. हसू नका, दुमडलेली मॅट पेडलला पूर्ण खाली जाऊ देत नाही आणि गिअर अडतो. मग गाडीला क्लच वायर आहे की ऑइलच्या दाबावर चालणारा क्लच, ते बघा.

वायर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना टॉर्च मारा. पेडलच्या हुकापाशी एखाद-दुसरी तार तुटून बाहेर आलेली दिसते, ब्रशच्या केसासारखी. ती आवरणाच्या आत खरवडत राहते आणि पेडल जड होतं. दुसरी जागा सायलेन्सरजवळची, तिथे आवरण वितळून आतली वायर धरते. खालच्या टोकाला वायर सोडवून हाताने मागे-पुढे ओढून बघा. सरसर सरकली नाही तर ती बदला. ऑइल सोडून वेळ मारून नेऊ नका, कारण आत प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या वायरमध्ये ऑइलने धूळ धरते आणि काही दिवसांत वायर आणखी जड होते.

ऑइलचा क्लच बिघडला की पेडल बहुधा मऊ पडतं, जड होत नाही. दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर नीट पडत असेल तर लाइनमध्ये हवा आहे किंवा सिलिंडरचे सील गेलेत. गिअरबॉक्सवरच्या स्लेव्ह सिलिंडरचं (ऑइलच्या दाबाने क्लच ढकलणारा खालचा सिलिंडर) रबर उचलून बघा, आत ओलं असेल तर गळती तिथेच आहे. पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर गळत असेल तर ऑइल पेडलच्या दांड्यावरून केबिनमध्ये उतरतं. टाकीत झाकणावर लिहिलेलंच ब्रेक ऑइल घाला. इंजिन ऑइल चुकूनही नको, सगळे रबर सील फुगतात. काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर घंटीच्या (क्लचभोवतीचं गिअरबॉक्सचं कव्हर) आत असतो, तिथे मात्र गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही.

बाहेर सगळं ठीक असूनही पेडल जडच असेल, तर दोष आत आहे. क्लच प्लेट झिजली की क्लच हलका होईल असं अनेकांना वाटतं. होतं उलटं: प्लेट पातळ झाली की तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगच्या पाकळ्यांचा कोन बदलतो, त्या दाबायला जास्त जोर लागतो आणि पेडल बरंच वर आल्यावर क्लच पकडू लागतो. पेडल महिन्यागणिक जड होत गेलं असेल तर हेच समजा. त्या पाकळ्या दाबणाऱ्या रिलीज बेअरिंगची नळी किंवा ते बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचा टेकू कोरडा पडला तरी पेडल अडखळत जातं. आवाजावरूनही कळतं. पेडल दाबल्यावर गुरगुर येते आणि सोडल्यावर थांबते, तर रिलीज बेअरिंग. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना येते आणि दाबल्यावर जाते, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

गिअरबॉक्स उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला, मजुरी तीच आहे. फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते) समोर उभं राहून बघा: निळे डाग, चिरा असतील तर तसंच बसवू देऊ नका. शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी पुसटसं, जास्त झालं तर प्लेटवर उडून क्लच घसरतो.

इंजिन बंद असतानाही गिअर अडत असतील तर लिव्हरखालचे बुश (सांध्यातल्या छोट्या नळ्या) आणि लिंकेज (गिअरबॉक्सपर्यंतचे दांडे) किंवा गिअर केबल बघा. बुश स्वस्तातलं काम असतं आणि नेमकं तेच कुणी बघत नाही. फक्त गाडी गार असताना जड जातात, नंतर मोकळे होतात, तर गिअर ऑइल तपासा. पुस्तकात जीएल-४ (गिअर ऑइलची प्रत) लिहिलं असेल तर 'भारी' म्हणून साधं जीएल-५ ओतू नका, त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. घासणारा गिअर एकच असेल, समजा तिसऱ्यावरून खाली येताना दुसरा, तर त्याची रिंग झिजलीय. तेव्हा मेकॅनिकचं म्हणणं बरोबर आहे, गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

तोवर चढावर हाफ क्लचवर गाडी धरू नका आणि भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर उचलू नका. वायर आहे की ऑइल, आणि इंजिन बंद असताना गिअर कसे पडले, एवढं कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.