पाव किलो बेदाण्यांची ओळख

«ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. वय 44. आमची द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. रात्री आठची एक मालिका मी पहिल्या भागापासून बघते. त्यात थोरल्या भावाचं काम करणारे कलाकार मला फार आवडतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सेटवरच्या शिऱ्याचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला होता. मी खाली लिहिलं, 'दादा, हे बेदाणे तासगावचे न्हाईत, कुणीतरी फसवलंय तुम्हाला.' त्यांचं उत्तर आलं, 'ताई, मग पाठवा की पाव किलो!' तेव्हापासून आमची थट्टामस्करी चालू झाली. ते मला 'बेदाणेवाल्या ताई' म्हणायचे. मी चार दिवस दिसले नाही तर बाकीचे लोक विचारायचे, ताई कुठं गेल्या?

गेल्या महिन्यात मालिकेची वेळ आठवरून साडेसहा झाली. मी लिहिलं, 'साडेसहाला आमच्याकडं धारा काढायची वेळ, मालिका बघणार कोण? आता गाशा गुंडाळा आणि या आमच्या शेडवर बेदाणे निवडायला, रोजगार पण देऊ.' त्यावर त्यांनी काहीच लिहिलं नाही. दोन दिवसांनी माझी कमेंट तिथून गेलेली होती. त्यांच्या फॅन पेजवरची पोरं मला नाही नाही ते बोलली. अकरा दिवस झाले, मला झोप नाही. मेसेज केले, उत्तर नाही. मग त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या अकाउंटवरून मेसेज आला की ताई, राग सोडा, हा माझा खासगी नंबर आहे, इथं बोलू. त्यावर अजून बोलले नाही. मिस्टर म्हणतात, खुळी झालीस. पुढच्या महिन्यात त्यांचं नाटक सांगलीला आहे. जाऊन माफी मागू का? घरात माझ्या विनोदाला कुणी हसत नाही, ते हसायचे. माझं चुकलं का?»

ताई, आधी त्या दुसऱ्या नंबरचं बोलते, कारण बाकीचं सगळं आठ दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. त्या नंबरवर एक अक्षरही पाठवू नका. कलाकाराच्या पोस्टखाली कोण मनापासून बोलतं, कोण दुखावलंय, हे बघत बसणारी माणसं असतात. तुमच्यावर पोरं तुटून पडली ते त्यांनीही वाचलं असणार. आज राग सोडा म्हणतील, आठवड्यानं आई दवाखान्यात आहे म्हणतील आणि मग पैसे मागतील. नावापुढची निळी खूण बघून विश्वास ठेवू नका, 2023 पासून आपल्याकडे ती महिन्याला पैसे भरूनही मिळते. ते अकाउंट रिपोर्ट करा, ब्लॉक करा. पैसे गेले असतील आणि तुम्ही मला लिहायला संकोचला असाल, तर हे वाचून होताच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. तिथं जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

आता तुमचा प्रश्न. हो, चुकलं. मनात काही वाईट नव्हतं, हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. तरी चुकलं, आणि कुठं चुकलं ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल, कारण तुम्ही बेदाणा करता.

मार्चचा महिना डोळ्यांपुढं आणा. रॅकवर माल पसरलेला आहे, अजून आठ दिवस वाळायचा आहे आणि रात्री अवकाळी येतो. सकाळी उठून बघावं तर हिरवा-पिवळा माल काळवंडायला लागलेला. तोच माल पुढं सौद्याला जातो आणि दर पडतो. त्या दिवशी अडत दुकानाच्या पायरीवर तुमच्या ओळखीचा, रोज हसून बोलणारा एखादा माणूस म्हणाला, 'वहिनी, आता बाग काढा आणि या आमच्याकडं कामाला, रोजगार देतो,' तर? तो वाईट माणूस नाही. काल हेच बोलला असता तर तुम्ही त्याला सवाई उत्तर दिलं असतं. पण त्या दिवशी तुमच्या तोंडून शब्द फुटला नसता.

मालिकेची वेळ आठवरून साडेसहा होणं हा त्या घरातला पडलेला दर आहे. बाहेरून आपल्याला ती घड्याळाची गोष्ट वाटते. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि सेटवर त्या दिवशी हवा वेगळी असते. आकडे घसरले की मालिका मोक्याच्या वेळेवरून हलते, तिथं नवी मालिका येते. हललेली मालिका पुष्कळदा काही महिन्यांत गुंडाळली जाते, हे घोडबंदर रोडपासून मढपर्यंत प्रत्येक सेटवरच्या स्पॉटदादालाही ठाऊक असतं. बहुतेक कलाकारांचा हिशोब दिवसावर असतो, जितके दिवस शूटिंग तितके पैसे, आणि तेही हातात पडायला तीन महिने लागण्याची पद्धत आहे. तुम्ही 'गाशा गुंडाळा' लिहिलंत त्या दिवशी त्यांनी कदाचित बारा-तेरा तासांची शिफ्ट करून घराच्या हप्त्याचा हिशोब मांडला असेल. 'रोजगार पण देऊ' हे शब्द त्या हिशोबावर पडले.

आणखी एक शक्यता आहे, तीही ध्यानात घ्या. मालिका बंद होणार की नाही यावर कलाकारानं जाहीर बोलायचं नसतं, ते वाहिनी आणि निर्माते सांगतात. तुमच्या कमेंटवर हसण्याची खूण टाकली असती तरी 'बघा, यांनीही कबूल केलं' अशी बातमी कुणीतरी करून टाकली असती. अनेकांची अकाउंट सांभाळायला माणसं असतात. कमेंट कुणी काढली, रागानं काढली की सांभाळून घ्यायला काढली, हे तुम्हाला कळणार नाही आणि मलाही नाही. अकरा रात्री तुम्ही त्यांच्या गप्प बसण्याचा एकच अर्थ लावत जागताय.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली होती. जागेअभावी ती वर छापली नाही, पण माझं लक्ष तिथंच अडकलं. तुमच्या अकाउंटवर तुमचा फोटो नाही. द्राक्षाच्या घडाचा आहे.

ताई, तुम्ही त्यांचा चेहरा दोन वर्षं रोज अर्धा तास बघितलाय. ते रागावले की डावी भुवई आधी उचलते हे तुम्ही मला लिहिलंत. वडील गेल्यानंतरच्या भागात त्यांनी दांडीवरचं धोतर काढून घडी घातली आणि घडी घालता घालता थांबले, ते धोतर नाकाशी नेलं, हे तुम्ही इतकं बारकाईनं लिहिलंत की मी ती मालिका बघत नाही तरी मला ते दिसलं. आणि त्यांच्या बाजूनं? एक द्राक्षाचा घड, जो चतुर बोलतो. त्यांना तो घड आवडायचा, यात मला शंका नाही. दिवसभर त्याच त्याच 'मस्त', 'एक नंबर' वाचून कंटाळलेल्या माणसाला अशी कमेंट म्हणजे पंक्तीतलं लोणचं. त्यांचं हसू खरं होतं. पण तुम्ही जागताय हे त्या हसणाऱ्या माणसाला माहीत असण्याचा काही मार्गच नाही.

1956 साली अमेरिकेत डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी यावर लिहून ठेवलंय. टीव्हीवरचा माणूस कॅमेऱ्यात बघून आपल्याशीच बोलल्यासारखा बोलतो आणि घरी बसलेल्याला वाटतं, हा आपल्या ओळखीचा. हे त्यांनी एकतर्फी नातं म्हणून मांडलं. मला तुमच्या बाबतीत ते अर्धंच पटतं. तुम्हाला उत्तर आलं होतं, नाव मिळालं होतं. माझी आई सांगली आकाशवाणीला 'आपली आवड'साठी पत्रं पाठवायची. एकदा तिचं नाव वाचलं गेलं तेव्हा ती चुलीपुढून उठून दारात जाऊन उभी राहिली, जणू निवेदकबाई रस्त्यानं निघाल्या होत्या. पुढं वर्षभर ती त्यांचा आवाज लागला की पदर सारखा करायची. तिला कुणी खुळी म्हटलं नाही. मीही तुम्हाला म्हणणार नाही.

तर माफीचं. एकच मेसेज करा, खासगीत. आधीचे जे गेलेत त्यांची आठवण काढू नका, रडक्या खुणा नकोत, 'माझा हेतू तसा नव्हता' हे तर अजिबात नको, कारण ते वाचणाऱ्याला तुमची समजूत घालावी लागते. असं काहीतरी लिहा: 'दादा, मालिकेच्या वेळेवरून मी चेष्टा केली ती चुकली. पोटाच्या गोष्टीवर बोलायला नको होतं. धोतराची घडी घालतानाचा तुमचा प्रसंग मी विसरणार नाही.' खाली तुमचं खरं नाव, गावासकट. बास. मेसेज न पाहिलेल्यांच्या ढिगात पडून राहील, अशी तयारी ठेवा. अनोळखी अकाउंटचे मेसेज वेगळ्या कप्प्यात जातात आणि तो कप्पा फार कमी वेळा उघडला जातो. माफी तुम्ही मागायची होती, ती मागून झाली.

फॅन पेजवरच्या पोरांना उत्तर देऊ नका. कॉलेजातली पोरं असतील. आपल्या माणसाची बाजू घेताना समोर आईच्या वयाची बाई आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांनाही घडच दिसत होता. ज्यांनी घाणेरडं लिहिलं त्यांना ब्लॉक करा. आणि महिनाभर तिथं काही लिहू नका. पुढं लिहावंसं वाटलं तर शिऱ्यावर लिहा, भुवईवर लिहा, धोतरावर लिहा. आपलं काम कुणी इतक्या जवळून बघतंय हे कलाकाराला सहसा कळत नाही. टीआरपीच्या आकड्यात ते धोतर कुठंच नसतं.

नाटकाला जा. हे मी आग्रहानं सांगते. सांगलीत तो प्रयोग विष्णुदास भावे नाट्यमंदिरात असेल तर आणखी चांगलं. ज्या गावात 1843 साली भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्या गावात प्रयोगानंतर आत जाऊन कलाकाराला भेटायची रीत काही इन्स्टाग्रामनं शिकवलेली नाही. तिथं तुम्हाला कुणी परकं मानणार नाही. मात्र मध्यंतरात जाऊ नका, तेव्हा त्यांचं डोकं पुढच्या अंकात असतं. प्रयोग संपला की दहा मिनिटं थांबा, रंग उतरवू द्या, एक चहाचा घोट घेऊ द्या. मग रांगेत उभ्या राहा. तुमची पाळी येईल तेव्हा आधी फोन काढू नका. नमस्कार करा, नाव सांगा, नाटकातलं काय आवडलं ते एका वाक्यात सांगा. 'मी बेदाणेवाली' हे सांगायचं की नाही, ते तिथं त्यांचा चेहरा बघून ठरवा. चेहरा वाचायला तुम्हाला शिकवायची गरज नाही. आणि त्यांच्या डोळ्यांत ओळख उमटली नाही तर मनाला लावून घेऊ नका. ते तुम्हाला पहिल्यांदाच बघत असतील. वेळेच्या कमेंटचा विषय तिथं काढू नका, मागं चाळीस माणसं उभी असतात.

आता 'घरात माझ्या विनोदाला कुणी हसत नाही' हे तुमचं वाक्य. पत्राच्या शेवटी, घाईत लिहिल्यासारखं. मला वाटतं, झोप उडाली ती याच्यामुळं. तुम्हाला देवानं जीभ दिली आहे, सरळ, झणझणीत, सांगली जिल्ह्याची. ती वीस वर्षं शेडवर, स्वयंपाकघरात, बायकांच्या निवडणीत चालली आणि कुणी तिची दखल घेतली नाही. मग एक दिवस हजारो लोकांसमोर एका नावाजलेल्या माणसानं दाद दिली. ती दाद थांबली तेव्हा तुमच्या हातून एक कलाकार गेला नाही, तुमच्या बोलण्याला ऐकणारा गेला. मिस्टरांना हे सांगितलंय का? 'खुळी' म्हणाले तेव्हा नुसत्या उठून आत गेला असाल, असं मला वाटतं. एकदा रात्री जेवणं झाल्यावर त्यांना शिऱ्याच्या फोटोपासून सगळं वाचून दाखवा. मोठ्यानं, तुमच्या आवाजात. त्यांनी ते कधी वाचलंच नसेल. मला वाचताना तीनदा हसू आलं, आणि मी तर तुमची कुणी नाही.

शेडवरच्या बायकांनाही सांगा की बेदाणेवाल्या ताई म्हणजे तुम्ही. त्यातल्या निम्म्या जणी ती मालिका बघत असतील.

नाटकाची दोन तिकिटं काढा, मिस्टरांना बरोबर न्या. येताना उशीर होईल, तासगावची शेवटची एसटी आधी विचारून ठेवा. आणि बेदाणे न्या, या हंगामातले, स्वतःच्या हातानं निवडलेले. किलोभर नेऊ नका. त्यांनी पाव किलोच मागितले होते.