पाळणाघराची फी परवडेना, नोकरी सोडू का?

प्रश्न: ताई, मी सोलापूरची, युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात कामाला आहे, नवरा टॉवेल कारखान्यात. पोरगी अडीच वर्षांची. पाळणाघराची फी ३,००० वरून ४,५०० झाली, वर उशीर झाला की तासाचे वेगळे. माझा पगार ११,०००. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना पोरीमागं पळवत नाही. सगळे म्हणतात घरी बस.

उत्तर: अगं, घाईत राजीनामा देऊ नकोस. फी फक्त तुझ्याच पगारातून का वजा करतेस, पोरगी दोघांची आहे ना, मग फीसुद्धा दोघांच्या पगारातून गेली पाहिजे, आणि हे नवऱ्यासमोर वहीत मांडून दाखव. दुसरं म्हणजे कारखान्यात माणसं किती ते बघ, ५० किंवा जास्त असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे, २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीतच ते आलं, आणि दिवसातून ४ वेळा बाळाला बघून यायची मुभासुद्धा. एकटी बोलू नकोस, चारपाच जणी मिळून अर्ज द्या, पोच घ्या.

सहा महिन्यांनी पोरगी तीनची झाली की अंगणवाडीत घाल, फी नाही, खाऊ मिळतो, पण ती काही तासच असते हं, तिथून आणायला कोण जाणार ते आधी ठरव. सासूबाई बसल्या जागी तिला भरवतील, गोष्टी सांगतील, म्हणजे पाळणाघर अर्ध्या दिवसाचंच लागेल, त्याची फी कमी करून घे.